माहेरहून आलेलं काचेचं दार

नोकरीत मी पुष्कळ वाईट पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. पण मिरजगावच्या एका नव्या घरातली दुपार, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी, माझ्या मनातून जात नाही.

दुष्काळाची वर्षं होती. आमचं मनुष्यबळ बहुतेक दुष्काळी कामांवर आणि धान्याच्या ट्रकांच्या बंदोबस्तावर अडकलेलं असायचं. मी फौजदार होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. राजूरच्या शाळेतल्या गुरुजींचे आणि माझ्या आईवडिलांचे उपकार म्हणून मी त्या खुर्चीवर बसलो होतो, आणि त्या खुर्चीला कमीपणा येईल असं काही हातून होऊ नये, ही एकच काळजी मला असे.

एका दुपारी मिरजगावच्या पोलीसपाटलांचा फोन आला. धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरी सुनेला काच लागून मोठी इजा झाली आहे, घरचे अपघात म्हणतात, पण गावात वेगळं बोललं जातंय, असं त्यांनी सांगितलं. मी जमादार आणि दोन शिपाई घेऊन जीपने निघालो.

घर हमरस्त्यालगत होतं. दोन्ही बाजूंना त्यांचीच गोदामं असल्यामुळे आतल्या खोल्यांना खिडक्या नव्हत्या. समोरच्या बैठकीतला उजेड आत जावा म्हणून बैठक आणि माजघर यांच्यामध्ये, आणि पुढे माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये, काळ्या चौकटीची उंच काचेची दारं बसवली होती. तालुक्यात असली दारं मी तरी तेव्हा पाहिली नव्हती. बैठकीकडच्या दाराची एवढी मोठी काच पूर्ण निखळून खाली पडली होती. शेजारी एक स्टूल आडवं झालं होतं. शहाबादी फरशीवर रक्त इतकं होतं, की आमचे जमादार, जे रेल्वेखालची प्रेतंही न डगमगता उचलत, तेही उंबऱ्याशी थांबले. घटनेच्या वेळी आतल्या पाळण्यात वर्षाची मुलगी झोपलेली होती. तिच्यापर्यंत काचेचे तुकडे उडाले होते.

सुनेला धान्याच्याच ट्रकमधून नगरच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. नवरा बरोबर गेला होता. आम्ही पंचनामा केला, ते दार तसंच ठेवून खोलीला सील लावलं आणि एक शिपाई पहाऱ्याला बसवून परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचा थोरला भाऊ ठाण्यात आला. नगरला त्याचा लोखंडी कपाटं बनवण्याचा कारखाना होता. इस्त्रीचे कपडे, पण डोळे रडून सुजलेले. त्याने फिर्याद दिली, की बहिणीला तिच्या नवऱ्याने काचेवर ढकललं. कशावरून, असं विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, ती दारं मी दिली हायेत. वास्तुशांतीला माहेरचा आहेर म्हणून. अस्सल स्टीलची चौकट हाय. असल्या दाराची काच आपसूक पडत न्हाई. कुणीतरी अंगाचा जोर घातल्याबिगर पडूच शकत न्हाई."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. जाताना त्याने हात जोडून विनंती केली, की पंचनामा झाला असेल तर ती दोन्ही दारं मला घेऊन जाऊ द्या, बहिणीचं रक्त लागलेली वस्तू त्या घरात राहिलेली मला बघवणार नाही. मुद्देमाल देता येत नाही, असं मी सांगितलं. पण त्याचं दुःख मला खरं वाटलं, आणि ते खोटं नव्हतंही.

घरात भांडी घासणाऱ्या बाईचा जबाब घेतला. त्या दुपारी नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं होतं, असं ती म्हणाली. कशावरून, ते तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला भांडण झालंच नाही. हे धादांत खोटं होतं. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, घरात मोठं माणूस दुसरं कोणी नव्हतं, आणि तो खोटं बोलत होता. इस्पितळात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बाईचा जबाब घेतला, तर तिने 'काही आठवत नाही' एवढंच सांगितलं. मी नवऱ्याला खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाखाली अटक केली आणि कोर्टाकडून पोलीस कोठडी घेतली.

चौकशीत तो माणूस मला कळेना. तो एका साखर कारखान्यात ओव्हरसिअर होता. घराविषयी काहीही विचारा, तो न थांबता बोलत असे. पाया किती खोल, फरशी कुठली, बैठकीच्या खिडक्यांचे गज कुणी बसवले, सगळं. आरोपीला आधी सोप्या गोष्टींवर बोलतं करावं, असं आम्हाला शिकवलेलं. पण दारांचा विषय काढला, की त्याची जीभ टाळूला चिकटे. "ती आहेरात आली," एवढंच म्हणे आणि खाली बघे. मी समजावलं, दरडावलं, जन्मठेप म्हणजे काय ते सांगितलं. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प.

संध्याकाळी त्याचे वडील, ते धान्याचे व्यापारी, भाकरी घेऊन आले. थकलेला, धोतर-कोटातला माणूस. मी त्यांना बसवलं आणि दारांबद्दल विचारलं. त्या दुःखातही त्यांच्या आवाजात जरा अभिमान आला. म्हणाले, "पोरानं वरीसभर दारापायीच पायपीट केली, साहेब. कारखान्याच्या मॅनेजरच्या बंगल्यात बघितली हुती. पुन्याला चार येळा गेला. घरी येऊन मला शिकवायचा. म्हनायचा, आबा, चुंबक लावून काय उपेग न्हाई, चुंबक पत्र्यालाबी चिकटतो. अस्सल दाराची चौकट दोन बोटं रुंद असती, जाड न्हाई. कोपऱ्यात जोड दिसत न्हाई, वेल्डिंग करून घासल्यालं असतं. काच पुट्टीवर न्हाई, लोखंडी पट्टीनं स्क्रू मारून धरल्याली असती. अन वजन, एकट्यानं उचलायला गेलं तर कंबर धरती."

"मग आहेरात आलेल्या दारांची त्याने अशी पारख केली का?" मी विचारलं.

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "आहेराची कशी करायची साहेब? लोखंडाला परमिट मिळंना, म्हनून पोराचं काम अडलं हुतं. त्यात सूनबाईच्या भावानं मान राखला. दारं आली तवा सारं गाव बघायला आल्तं. माहेरची वस्तू उलटी करून बघितली, तर पोरीनं तोंड कुठं दाखवायचं?"

तेवढ्यावर मी काही ठरवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तपासाच्या कामाने नगरला गेलो असताना इस्पितळात डोकावलो. बाईच्या उजव्या हाताचे स्नायू कापले गेले होते, रक्त फार गेलं होतं. भाऊ रात्रंदिवस तिच्या उशाशी होता. डबा आणायचा, स्वतःच्या हाताने घास भरवायचा. सगळा वॉर्ड त्याचं कौतुक करत होता. तो चहाला बाहेर गेलेला पाहून वॉर्डातल्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, पेशंट आली तेव्हा दोन्ही हातांच्या नखांत काहीतरी चिकट पांढरं भरलं होतं. स्पिरिटनेही निघेना. वास जवसाच्या तेलाचा. तुमच्या कामाचं आहे का बघा." त्यांनी कागदात थोडं जपून ठेवलं होतं.

काच बसवायची पुट्टी होती ती.

मी तडक मिरजगावला गेलो. स्वयंपाकघराकडचं दार शाबूत होतं. पंच समोर उभे करून पाहिलं. चौकट चार बोटं रुंद. काचेच्या कडेला पुट्टी, आणि काही ठिकाणी ती अगदी ताजी. कोपऱ्यावर काळा रंग पुन्हापुन्हा लावल्यासारखा जाड झालेला. मी चाकूच्या टोकाने तो खरवडला. खाली पत्र्याची घडी, आणि घडीच्या फटीतून लाकूड दिसलं. बाभळीच्या लाकडावर कपाटाचा पत्रा वाकवून बसवला होता. दार बिजागऱ्यांतून काढून मी एकट्याने उचललं. माझी कंबर धरली नाही. सील तोडून दुसरं दार पाहिलं. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून तिथला पत्रा फाकला होता आणि त्या एवढ्या जड काचेला धरून ठेवायला चार बारीक खिळे आणि वाळकी पुट्टी, याखेरीज काही नव्हतं.

पंचांपैकी एकाने कपाळावर हात मारला. दार नकली आहे हे समजलं होतं. पण ते सांगून जो सुटला असता तो कोठडीत तोंड मिटून बसला होता, आणि जी त्याला सोडवू शकत होती ती 'आठवत नाही' म्हणत होती. का?

मी पुन्हा नगरला गेलो. भावाला औषधं आणायला पाठवलं आणि बाईजवळ बसलो. "ताई, दारांना पुट्टी तुम्ही लावत होता," मी म्हणालो. तिने डोळे मिटले. मी म्हणालो, "तुम्ही बोलला नाहीत, तर तुमच्या मालकांवर उद्या-परवा दोषारोप ठेवावा लागेल. कोठडीत त्यांनी अन्न सोडल्यासारखंच आहे."

तिने डोळे उघडले. "कोठडीत? कोन कोठडीत?"

मी सांगितलं.

ती उठायला गेली. सिस्टरांनी तिला धरलं. "हे घरी हायेत," ती म्हणत राहिली. "दादा म्हनला, हे घरी हायेत. मला बघायलाबी येत न्हाईत, म्हनला. काही बोलू नको म्हनला, आठवत न्हाई म्हन, म्हंजी पोलीस आपसूक जातील."

ज्या भावाला वॉर्ड देवमाणूस म्हणत होता, त्यानेच तिच्या नवऱ्याला गजाआड पाठवलं होतं आणि तिच्याच तोंडाला कुलूप लावलं होतं. मी पोलीस होतो, खोटं ऐकण्याचा माझा धंदा. तरी हे मला ओळखता आलं नव्हतं.

मग ती बोलली. उन्हाळ्यात पत्रा फाकला, तेव्हा तिला आतलं लाकूड दिसलं होतं. भावाची आणि माहेराची अब्रू जाऊ नये, म्हणून ती नवरा कामावर गेला की कोपऱ्यांना रंग आणि काचेला पुट्टी लावत असे. त्या दुपारी नवरा म्हणाला, की पोरगी आता रांगत रांगत दारावर थापा मारते, ही दारं मी आजच काढतो. ती अडून बसली. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, की दारं नकली आहेत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गाडीतून उतरवताना वजनावरूनच त्याने ओळखलं होतं. गाव तिच्या माहेराचं कौतुक करत होतं, म्हणून तो गप्प राहिला होता. तिने आपल्या गळ्याची शपथ घातली, की हे आबांच्या किंवा कुणाच्या कानी जाता कामा नये. तो चिडून मागच्या अंगणात गेला. ती स्टुलावर चढून हलणारी काच बसवू लागली आणि काच तिच्यावर आली.

"लिहू नका साहेब," ती रडत म्हणाली. "ह्यांना सोडा, पन दादाचं लिहू नका."

तेवढ्यात भाऊ औषधं घेऊन दारात आला. माझ्याकडे आणि तिच्याकडे पाहून त्याला सगळं समजलं. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "परमिटचं लोखंड मिळालं न्हाई, पोरी. गावात शब्द दिल्ता. तुझं नाक वर ऱ्हावं म्हनून केलं."

"अन ह्यांच्यावर आळ का घातला?"

त्याने हातातली औषधं खाली ठेवली. मग म्हणाला, "न्हाईतर माझ्यावर आलं असतं."

ती रडायची थांबली. भावाकडे एकदा नीट पाहिलं आणि मान माझ्याकडे वळवली. "आता लिहा साहेब," ती म्हणाली. "सगळं लिहा."

मॅजिस्ट्रेटसाहेबांना बोलावून तिचा जबाब नव्याने नोंदवला. भावावर निष्काळजीपणाने गंभीर दुखापत आणि खोटी फिर्याद, असे गुन्हे दाखल झाले. पुढे त्याला शिक्षाही झाली. बाईच्या उजव्या हाताची पकड कायमची गेली.

नवऱ्याला सोडलं, तेव्हा मी त्याला विचारलं, की जन्मठेप झाली असती तरी तू बोलला नसतास का. तो म्हणाला, "शुद्धीवर आल्यावर तीच सांगेल, असं वाटलं होतं. तिची शपथ मी कशी मोडू?" आणि नगरची शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते त्याने जमादारांना विचारलं.

त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती, की चौकशीत गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत असतो. पुढच्या सगळ्या नोकरीत, कुणी माझ्यासमोर तोंड मिटून बसलं, की मी आधी हेच शोधत गेलो, की हा कुणाला झाकतो आहे. आणि दुसरी गोष्ट. फिर्यादीचं रडणं खरं आहे एवढ्यावरून त्याची फिर्याद खरी ठरत नाही. तो भाऊ बहिणीला भरवताना खरोखरच रडत होता. आपल्या माणसावर जीव असणं आणि त्याचा घात करणं, ही दोन्ही कामं एकच हात करू शकतो, हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. ते कळल्यावर बसलेला धक्का अजून पुरता ओसरलेला नाही.