पाच जर्मन बोटं आणि सुनेची अंगठी

मला जर्मन भाषेतले पाचच शब्द येतात, आणि त्या पाचांनी आमच्या सुनीलचा साखरपुडा मोडायची वेळ आणली होती.

सुनील नोकरीसाठी जर्मनीत. सुट्टीत तळेगावला आला की मला तिकडची बोटांची नावं शिकवायचा. डाउमेन, त्साइगे, मिटेल, रिंग, क्लाइन. पोळ्या लाटतानाही मी घोकायची. (सातवी नापास बाईला जर्मन येते, हे आळीला कळायला नको का!)

पुढे जाम गावच्या वैशालीशी त्याचं जमलं. अंगठी तो तिकडूनच आणणार होता. फोनवर म्हणाला, "आई, तिच्या रिंग-बोटाचं माप दोऱ्यानं घेजो अन् पाकिटात पाठवजो."

धाकटी जाऊ मंदा सोबत घेतली आणि गेले जामला. आता आपण बोटं मोजतो करंगळीपासून. तशीच मी वैशालीची मोजली. डाउमेन करंगळी, त्साइगे अनामिका, मिटेल मधलं. मधलं नेमकं मधल्यावरच आलं, मग शंका कशाची? रिंग आली अंगठ्याशेजारच्या तर्जनीवर. तिथंच दोरा गुंडाळला.

मंदा म्हणाली, "बाई, रिंग म्हंजे अंगठीच नं? मंग अनामिकेचं माप काऊन नाई घेत?"

"तुले जर्मन येते का?"

तिनं दोऱ्याला गाठ मारून दिली. होणारी सून तर बोट पुढं करूनच बसली होती!

साखरपुड्याला सुनीलनं अंगठी घातली. वैशाली पाया पडायला वाकली आणि अंगठी अनामिकेतून घरंगळून थेट साखरेच्या पुड्यात. तिची आत्या उठून उभी राहिली. हे लक्षण बरं नाही, म्हणे, बोलणी इथंच थांबवा.

सुनीलनं विचारलं, माप कोणत्या बोटाचं? मी साऱ्या पाहुण्यांसमोर करंगळीपासून मोजून दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला. "आई, मी अंगठ्यापासून शिकवली होती वं!"

आत्या चपला शोधू लागली. तेवढ्यात वैशालीनं साखरेतली अंगठी उचलली, झटकली आणि तर्जनीत घातली. घट्ट बसली.

"ज्या बोटाचं माप, त्याच बोटात गेली, आत्या. आता बस खाली."

आत्या बसली. मीही बसले.

ती अंगठी आजही तर्जनीतच आहे. सुट्टीत सून इकडं आली की शेजारणी विचारतात, "हे कोन्या ग्रहासाठी घातली वं?"

वैशाली माझ्याकडे न बघता सांगते, "सासूबाईसाठी."