गादीतला कापूस

नवरा गेला तेव्हा होडी बारा आणे झाली होती. राखोलीत आमच्या चाळीमागे दोन ओंडक्यांवर उपडी पडलेली असायची. कुणाच्या तरी मोडलेल्या घरातल्या सागाच्या फळ्या त्याने आणल्या, रंधल्या, वाकवल्या आणि एकेक करून बसवल्या. आता फळ्यांमधल्या फटी भरायच्या, डांबर लावायचं, बसायच्या पाट्या ठोकायच्या आणि वल्ही करायची, एवढंच उरलं होतं.

मी रडले नाही. बायकांनी वाट पाहिली, कंटाळल्या आणि आपापल्या घरी गेल्या. तेराव्यानंतर मी कारखान्यात पाळीला हजर झाले. भाजीत मीठ पडलंय की नाही, तेही मला कळायचं नाही.

तो डहाणूकडचा, दर्यावर वाढलेला. मी खानदेशातली, आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी. सुताच्या मशीनवर ओळख झाली आणि लग्न केलं. त्याच्या बापाचा राग माझ्यावर नव्हता, कारखान्यावर होता. होडी बांधणाऱ्याचा पोर सूत गुंडाळतो म्हणून म्हाताऱ्याने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. ही होडी म्हणजे त्याला उत्तर होतं. दमणगंगेत उतरवायची, बापाला बोलवायचं आणि दाखवायचं की हात अजून तोच आहे. मग पोटाचं दुखणं निघालं, सिल्वासाच्या दवाखान्यात खेटे झाले आणि चार महिने तो गादीवरून उठलाच नाही.

गादीवरूनच मला सांगायचा, फटीत कापूस पिळून भर, बोथट पटाशीने ठोक, वरून राळ ओत. मी हं हं करायची. तो गेल्यावर एका रविवारी मी पटाशी उचलली. कशासाठी, विचारू नका. अर्धवट वस्तू डोळ्यांसमोर नको होती, बस. कापूस कुजेल, त्यापेक्षा आपलं कारखान्यातलं पॉलिस्टरचं सूत काय वाईट? सुपरवायझरला विचारून वेस्टेजची दोन पोती आणली. पांढरंशुभ्र, चकचकीत, तुटता तुटत नाही. प्रत्येक फट ठासून भरली, राळ ओतली, वर डांबर फासलं. स्वतःवर खूशसुद्धा झाले असते, पण तेवढंही आत काही उरलं नव्हतं. पाट्या आणि वल्ही चाळीतल्या एका सुताराने करून दिली.

मग सासऱ्याला पत्र टाकलं. गावचा एक जण त्याला आणून सोडून गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. आल्या आल्या चहा नको, पाणी नको, थेट होडीपाशी गेला आणि अर्धा तास तिच्यावरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या सहा माणसांनी होडी नदीत सोडली. तळात पाणी आलं. म्हातारा म्हणाला, "नवी होडी पानी पितेच गो. फळ्या फुगतील, बंद होईल." दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी काठोकाठ भरून बुडायला आली होती. त्याच सहा जणांनी ती ओढून काठावर घेतली.

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली. "इसरला तो," म्हणाला. "मशीनवर राहून इसरला."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगात काहीतरी पेटलं. "तोंड सांभाळून बोला बाबा! फळ्या त्याच्या आहेत. फटी मी भरल्यात."

"कशानं भरल्यास?"

मी सांगितलं. तो फटीत नख घालत बसला, सूत बाहेर आलं, त्याने ते बोटांत चोळलं. "कापूस पानी पितो, फुगतो, फट धरतो," तो हळू म्हणाला. "याला काय तहानच नाय." मग म्हणाला, "घरात कापूस हाय?"

होता. त्याची गादी होती. तो गेल्यापासून गुंडाळून, सुतळीने बांधून कोपऱ्यात उभी केलेली. मी तिला हातही लावला नव्हता. त्या दुपारी ओट्यावर बसून मी तिची शिवण उसवली. कापसाला अजून त्याच्या मलमाचा वास येत होता. मी पिंजत होते आणि म्हातारा पिळून वाती करत होता. सूत काढायला आठवडा गेला, कापूस भरायला दुसरा. या वेळी प्रत्येक फटीवर म्हाताऱ्याचं बोट फिरलं, मगच राळ.

होडी पुन्हा पाण्यात गेली. पहिल्या दिवशी जराशी प्यायली, आम्ही पाणी उपसून टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं आत जाऊन बसलो. मी वाकून तळाला हात लावला. कोरडा. ठणठणीत कोरडा. मला नवऱ्याचा असा राग आला! अरे मेल्या, आणखी तीन महिने काढले असतेस तर काय बिघडलं असतं तुझं?

"पानी हाय काय गो?"

"नाही."

म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. उकिडवा बसून तो पुढच्या टोकापासून एकेक फट चाचपत माझ्यापर्यंत आला. माझ्या पायाशी त्याचा हात थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"हितं ओलं लागतंय."

"ते माझं आहे, बाबा," मी पदराने डोळे पुसत म्हटलं. "होडीचं नाही."

त्याने हात तिथून काढला नाही.