एका टाकीच्या दोन नळ्या

रोझलीनचं सासर कुंपणापलीकडेच होतं. उत्तर आयर्लंडातल्या स्ट्रबॅन गावी, त्या गल्लीत एका भिंतीला खांदा लावून उभी असलेली दोन घरं. एकात ती जन्मली, दुसऱ्यात लग्न होऊन गेली. माहेरच्या घरात मोठी बहीण असम्प्टा राहिली. आईवडिलांचं करता करता तिचं लग्न लांबलं, ते राहूनच गेलं.

रोझलीनचा नवरा डर्मट मोठा हिकमती. त्यानं दोन्ही परसांच्या मधोमध रॉकेलची एकच मोठी हिरवी टाकी बसवली आणि तिला दोन नळ्या काढल्या, एक आपल्या बॉयलरला, एक मेव्हणीच्या. घराची ऊब आणि नळाचं गरम पाणी, दोन्हीकडे त्याच तेलावर. टाकीत काठी बुडवून तेल बघायचं काम त्याचं. तो गेल्यावर ते रोझलीनकडे आलं. टँकरवाल्याला फोन करणंही तिच्याचकडे, कारण असम्प्टाला समोरचं बोलणं ओरडून सांगावं लागायचं. फोनवर तर काहीच ऐकू यायचं नाही.

मग रस्ते खणून गॅसची लाइन आली. ग्लासगोला राहणारी रोझलीनची लेक ओर्ला मागे लागली, आई, गॅस घे. तो सगळा उन्हाळा दोघी बहिणी चहाच्या किटलीवर याच विषयावर भांडल्या, आणि हसल्याही.

"नळ सोडला की गरम पाणी!" रोझलीन ओरडायची. "आता आधी बॉयलर लावा, मग वाट बघत बसा. माझी बोटं बघ, सकाळी वळत नाहीत."

"गॅस दिसतो का डोळ्यांना?" असम्प्टा म्हणायची. "तेलात काठी घातली की कळतं घरात काय आहे ते. गॅसची चावी कुणाच्या हातात, देव जाणे."

"आणि टाकी संपल्याचं कधी कळतं? दात वाजायला लागल्यावर!"

"तेलाची ऊब हाडापर्यंत जाते, पोरी."

"रेडिएटरला काय कळतंय, आतलं पाणी कशानं तापलंय?"

सप्टेंबरात रोझलीननं गॅस घेतलाच. नव्या बॉयलरवाल्यानं परसात येऊन तिच्याकडची जुनी नळी कापली आणि तोंड बंद केलं. असम्प्टा आपल्या मागच्या पायरीवर उभी राहून बघत होती.

"डर्मटनं घातलेली नळी कापलीस," ती म्हणाली.

"आता अख्खी टाकी तुझी. मजा कर."

"मला टाकी नको होती गं."

परक्या माणसासमोर रोझलीन ओशाळली, आणि ओशाळल्याचा राग आला. "तुला एकटीला करमत नाही, म्हणून मी जन्मभर तुझ्या नळीला बांधून घ्यायचं का?"

ते वाक्य असम्प्टाला एकदाच सांगून ऐकू गेलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर रविवारच्या प्रार्थनेला ती वेगळ्या बाकावर बसू लागली. टाकीत तेल किती असेल, हे रोझलीनच्या मनात आलं नाही असं नाही. नोव्हेंबरात आलं. फोन कोण करणार, हेही आलं. 'येईल विचारायला,' ती स्वतःशी म्हणाली. 'येऊ दे एकदा.' त्यात राग थोडा होता, वाट बघणंच जास्त होतं. नाताळात तिनं मुद्दाम मोठा केक केला आणि अर्धा झाकून ठेवला. कुणी आलं नाही. तो अर्धा केक घेऊन पलीकडे जायचं मात्र तिला सुचलं नाही. सुचलं, पण पाय उचलला नाही.

जानेवारीत कडक हिव पडलं. एका सकाळी राखाडी उजेडात रोझलीन परसात कचरा टाकायला गेली. गल्लीतल्या प्रत्येक बॉयलरच्या धुराड्यातून पांढरी वाफ निघत होती. असम्प्टाच्या नव्हती. खालच्या बर्फावर वाफेचा ओलसर डागसुद्धा नव्हता.

तिनं आपल्याकडे असलेली माहेरची किल्ली आणून दार उघडलं. स्वयंपाकघरात श्वासाची वाफ दिसत होती. असम्प्टा खुर्चीत, अंगात दोन कोट, डोक्यावर आईची लोकरी टोपी, मांडीवर थंडगार पडलेली गरम पाण्याची पिशवी. डोळे उघडे, पण ओळख नव्हती.

"अगं, सांगायचं नाहीस का!" रोझलीन तिचे हात चोळत ओरडत होती. "सांगायचं नाहीस का मला!"

इस्पितळात असम्प्टा थोडी शुद्धीवर आली. छाती भरली होती, बोलताना घरघर लागायची. रोझलीननं माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं, "येतं का गं लगेच, गरम पाणी?"

"हो. नळ सोडला की."

"बोटं?"

"वळतात आता."

"बरं झालं," असम्प्टा म्हणाली. "मी एकदा येणार होते बघायला." आणि डोळे मिटले. त्या आठवड्यातच ती गेली.

शवपेटी रिवाजाप्रमाणे घरी आणायची होती, रात्रभर लोक बसायला येणार होते. रोझलीननं टँकरवाल्याला फोन केला. त्यानं टाकी काठोकाठ भरली, बॉयलरच्या नळीत अडकलेली हवा काढून दिली, आणि टोपी काढून उभा राहिला. दुपारपर्यंत घर असं तापलं, की आलेल्या बाया स्वेटर काढून चहा ओतत होत्या.

अंत्यविधीवाला हलकेच तिच्याजवळ आला. "शवपेटी ठेवलीय त्या खोलीतला रेडिएटर तेवढा बंद करा, बाई. तिथं गारच हवं."

"मी करते," रोझलीन म्हणाली.

तिनं वाकून चकती फिरवली. लोखंड हळूहळू निवत गेलं. तिनं एक खुर्ची ओढून घेतली, अंगात कोट चढवला आणि दार आतून लोटलं.