खुर्चीचा चौथा पाय

सूनबाई सलग तिसऱ्या दिवशी रंगांची पेटी उघडून खुर्चीसमोर बसली, तेव्हा म्हाताऱ्या सुताराच्या मनात पाल चुकचुकली. घरात काढण्यासारखं दुसरं काही नव्हतं? खिडकी होती, मांजर होतं. हिने नेमकी त्याची खुर्ची धरली, तीही भिंतीपासून ओढून, पाठ पुढे करून!

"अगं, पुढून काढ की."

"मागून ऊन छान पडतंय, बाबा."

ऊन म्हणे! मुलानेच पढवलं असणार.

चाळीस वर्षांपूर्वी त्याने बायकोसाठी ही खुर्ची केली होती, एकही खिळा न वापरता. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ती दाखवून बजावायचा, "झाड उभं असतं तसंच लाकूड उभं करायचं. बुंधा खाली, शेंडा वर." मुलाने एकदा टेबलाचा पाय उलटा बसवला, तर याने चारचौघांत त्याला अख्खं टेबल सोडवायला लावलं होतं. आणि या खुर्चीचा मागचा डावा पाय त्याने स्वतःच उलटा बसवला होता! सरस वाळल्यावर लक्षात आलं. मग वर गडद पॉलिश चढलं आणि खुर्ची कायमची भिंतीला टेकली. पॉलिश आता विटून खालच्या लाकडाच्या रेषा दिसू लागल्या होत्या.

"पोरीवर पाळत कसली ठेवताय? चहा निवला तुमचा," बायको म्हणाली.

सून ब्रश धुवायला उठताच त्याने कागदाकडे मान वळवली. तीन पायांवरच्या रेषांची टोकं शेंड्यासारखी वर होती. चौथ्याची खाली.

ती परत आली तसा तो घाईने म्हणाला, "एवढा पाय खोडून टाक."

"पाण्याचे रंग खोडता येत नाहीत, बाबा. का, चुकलं?"

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. चित्र बघून हसायलाच लागला. "अगं, पाय उलटा काढलास! बाबांच्या खुर्चीत असं होईल का कधी?"

सून ओशाळली. "तीन दिवस बघून काढलं, तरी चुकलंच."

म्हाताऱ्याने मुलाचा चेहरा निरखला. कुठे खवचटपणा दिसतोय का? नव्हता.

"तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "चुकलोय मी. बघ वाकून."

मुलगा गुडघ्यांवर बसला, पायावरून बोट फिरवत राहिला. "मग सोडवायची का ही, बाबा?"

"तुझ्या आईला विचार."

"हात लावून तर बघा!" आतून आवाज आला.