विहिरीतलं कासव

आज बोट कापलं. आयोडीनच्या वासाने सासूबाईंची पडवी आठवली.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत पाळलेल्या कासवाच्या मानेवरची जखम चिघळली होती, म्हणून त्याला वर काढून पडवीत ठेवलं होतं. आम्हाला बघताच त्याने मान आत ओढली. मी नुकती नर्स झालेली. चिमटा घेऊन सरसावले, तर सासूबाईंनी हातावर चापट मारली.

"अगो, त्याला घाई नाही, तुला कसली?"

आयोडीनचा बोळा धरून त्या तासभर हलल्या नाहीत. मान बाहेर येताच अलगद टेकवला. मी लगेच कासव विहिरीकडे न्यायला उचललं.

"पाण्यात औषध टिकेल काय, नर्सबाई? दिवसभर घमेल्यात कोरडं राहू दे."

रोज असंच चाललं. जखम भरली.

तेव्हा त्यांच्या संथपणाचा वैताग यायचा. पंचवीस वर्षं ड्रेसिंग केल्यावर सांगते, तसा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.