सुटली म्हणा, वन्सं

पडदा वर जातो तेव्हा दिसते नाट्यगृहामागची एक लांबट, अरुंद खोली. भिंतीला ओळीनं टांगलेली राजवस्त्रं, शिपायांचे डगले, भुताचा पांढरा झगा. खिडकीशी शिवणयंत्र, आणि त्या यंत्रावरच डोकं टेकून झोपलेली एक बाई. ओठांत टाचण्या तशाच. नायिका हीच. पण तिला हाक मारायचा कुणाचा धीर होत नाही, इतकी ती दमली आहे.

तिला आम्ही सगळे टाकेबाई म्हणत असू. माझी उभी हयात राजे रंगवण्यात गेली आणि त्या सगळ्या राजांची अब्रू टाकेबाईच्या सुईनं राखली. एकदा ऐन प्रयोगात माझी विजार उसवली. तिनं मला विंगेत उभं करून अंगावरच शिवली. वर म्हणाली, "हलू नका राजे, नाहीतर गादीला वारस मिळायचा नाही."

आमच्या नाटकांत शपथांना तोटा नव्हता. राजा प्रतिज्ञा करी, प्रेमिक आणाभाका घेत, मरणाऱ्या बापाला मुलगा वचन देई, खलपुरुष शब्द देई आणि पुढच्याच अंकात फिरवी. टाकेबाई विंगेत दोरा ओवत हे ऐके आणि म्हणे, "एवढं मोठमोठं बोलता, घसा नाही का दुखत?" ती स्वतः साधं 'नक्की' सुद्धा म्हणत नसे. कपडा उद्या मिळेल का, असं विचारलं की उत्तर एकच. "बघते." आणि दुसऱ्या दिवशी कपडा खुंटीवर इस्त्री करून टांगलेला असे.

उभ्या जन्मात तिनं एकच शपथ घेतली, तीही स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून. नवरा अचानक गेला, मूल तान्हं होतं. घरात थोरली नणंद होती, बिनलग्नाची. टाकेबाई तिला वन्सं म्हणे. वन्सं म्हणाल्या, "तू कामाला जा. पोराला मी बघते. फक्त म्हातारपणी मला परक्या दारात नेऊन टाकू नकोस." टाकेबाईनं गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाली, "गळ्याशप्पथ, वन्सं."

ते मूल मोठं होऊन परमुलखात गेलं. वन्सं राहिल्या, पण थोड्या थोड्या हरवत चालल्या. एकदा त्या शेगडी पेटती ठेवून भर दुपारी रस्त्यावर निघून गेल्या. तेव्हापासून टाकेबाई बाहेरून कुलूप घालून कामावर येई आणि दिवसभर जीव त्या कुलपात अडकलेला. घरी गेल्यावर वन्संचं अंग पुसायचं, भरवायचं, पुन्हापुन्हा उठायचं. डॉक्टर म्हणाले, "अशानं त्यांच्या आधी तुम्ही जाल." त्यांनीच एक वृद्धाश्रम सुचवला. स्वच्छ, नर्स असलेला. एक खाट रिकामी होती, शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

शुक्रवारी तिनं मला विचारलं, "राजे, शपथ सुटते कशी हो?"

"आमची? पडदा पडला की."

"थट्टा नको. खरी कशी सुटते?"

मी म्हणालो, "लहानपणी काय करायचो आपण? ज्याला दिली त्यानं 'सुटली' म्हटलं की सुटली."

तिनं दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "मग चला माझ्याबरोबर. तुमचं ऐकतील त्या. तुमचं तर लोक तिकीट काढून ऐकतात."

घरी वन्सं पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर उशी, उशीला थोपटणं चालू. टाकेबाई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"वन्सं, एकदा 'सुटली' म्हणा ना."

"काय सुटलं? शाळा?"

"शपथ सुटली, असं म्हणा."

वन्सं उशी थोपटत राहिल्या. मी पुढे सरकलो आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आपण खेळू या. मी म्हणेन शपथ, तुम्ही म्हणायचं सुटली!"

त्या खुदकन हसल्या. "शपथ!" मी म्हणालो. "सुटली!" त्या म्हणाल्या. "शपथ!" "सुटली! सुटली!" आणि चक्क टाळ्या पिटल्या.

टाकेबाईचे खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर ओढलेले होते हे मला तेव्हा कळलं. ती उठली, कपाटावरची बॅग खाली घेतली आणि वन्संची लुगडी एकेक घडी करून आत ठेवू लागली.

"अहो बाई," वन्सं तिला म्हणाल्या, "ते राहू द्या. उशीर झाला, तुमच्या घरी वाट बघत असतील. माझी भावजय येईल आता."

"कुठे गेलीय ती?"

"कामाला. फार राबते हो बिचारी. पण मला कुठे पाठवायची नाही. गळ्याशप्पथ सांगितलंय तिनं."

टाकेबाईच्या हातातली घडी तशीच राहिली.

मी हळूच म्हणालो, "अगं, पण सुटली म्हणाल्या ना. मी साक्षीला आहे."

"तुम्हाला म्हणाल्या, राजे," ती म्हणाली. "त्यांच्या लेखी मी अजून घरी कुठे आलेय?"

तिनं फोन उचलला आणि आश्रमाला कळवलं, खाट दुसऱ्या कुणाला द्या. आवाज अगदी सपाट होता, उसनं वीरत्व नाही की हुंदका नाही. लुगडी परत कपाटात गेली. मग तिनं खणातून नेलकटर काढलं आणि पुन्हा खाली फतकल मारून बसली.

"येईल का हो ती?" वन्संनी विचारलं.

"येईल. तोवर पाय इकडे करा, नखं किती वाढलीत बघा."