तणमोर होता!

आत्या गेल्याची बातमी मला नगरच्या मोटार-अड्ड्यावर कळली. गावचा एक जण समोरून आला आणि म्हणाला, "आरं, तुमची तणमोरवाली गेली की!" मेलेल्या बाईचं नावसुद्धा नीट घेऊ नये? महिना होत आला, राग उतरलेला नाही. उतरवायचाही नाही. म्हणून हे लिहितो आहे.

लढाईची वर्षं होती. मी इंग्रजांविरुद्धची पत्रकं वाटायचो आणि पोलीस मागे लागले की कर्जतकडच्या आमच्या गावी आत्याकडे जाऊन राहायचो. वडिलांची ही बहीण एकटीनं शेती ओढत होती. पौषातल्या एका सकाळी हरभऱ्यात वाकलेली आत्या एकदम ताठ झाली आणि माझा दंड धरून कुजबुजली, "हलू नगंस." बांधाशी एक पाखरू उभं होतं. लांब मान, लांब पाय, अंगावर वाळल्या गवताची नक्षी. तणमोर! पावसाळ्यात माळावरच्या गवतातून उंच उड्या मारणारा हा पक्षी पाऊस सरला की दिसेनासा होतो. तो भर थंडीत आमच्या हरभऱ्यात... आत्या परकऱ्या पोरीसारखी हसली.

संध्याकाळी हुरड्याला शेजार जमला. हुरड्याच्या आगटीभोवती आमच्याकडे कुणाच्या पोटात काही राहत नाही. आत्याही बोलून गेली. "पुसात तणमोर? आक्का, कुनाची तरी कोंबडी सुटली आसंल!" म्हणून सगळे हसले. पण बोलणं पोचायचं तिथं पोचलं. नगरच्या लष्करी छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाला शिकारीचा नाद होता. पाटलानं आत्याला चावडीवर बोलावलं. "सायेब येतोय. जागा दाव. रान उठवायचं हाय."

"कशाची जागा?" आत्या म्हणाली. "म्या खोटं बोलले हुते."

चावडी खदखदली. मी उसळलो, "खोटं कसं? मी स्वतः..."

"तू गप ऱ्हा, भाषनवाल्या!" आत्या माझ्यावरच ओरडली.

वाटेत मी तिच्याशी कडाकडा भांडलो. सत्य, स्वाभिमान, जुलूम... पत्रकातला एकही शब्द शिल्लक ठेवला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला खोटारडी म्हनत्याल, म्हनू दे. त्याला भाजून खात्याल, त्याचं काय?"

ते नाव तिला कायमचं चिकटलं. पुढे बांधाच्या भांडणात पंचांनी तिची साक्ष उडवून लावली. "हिचं काय ऐकायचं? ही पुसात तणमोर बघती!" शेताची एक पट्टी गेली. तरी ती बोलली नाही.

म्हणून आज मी छापून सांगतो. तणमोर होता. आत्यानं तो पाहिला, मीही पाहिला. हसणाऱ्यांनी आता खुशाल हसावं. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. गोरा साहेब गेला. बंदुका इथंच आहेत.

परवा गावी गेलो. दिवाळी झाली की सगळे बांधावरचं गवत कापून नेतात. आत्या त्या पौषापासून आपल्या बांधावरचं उभंच ठेवायची. शेजारी विळा घेऊन आला होता. "कापू का? म्हातारी तर न्हाई आता."

"नाही कापायचं," मी म्हणालो.

"का रं?"

"आत्याला चालत नाही."